हाडांच्या शास्त्राला दान : अस्थिव्यंगोपचाराचे शिक्षण, संशोधन आणि दात्याची जबाबदारी

हाडे, सांधे, स्नायू, अस्थिबंध आणि पाठीचा कणा यांचे विकार व दुखापती यांवर उपचार करणारी वैद्यकशाखा म्हणजे अस्थिव्यंगोपचार. या शाखेला मिळणारे दान ढोबळमानाने दोन प्रकारचे असते. गरजू रुग्णाच्या शस्त्रक्रियेचा खर्च, रुग्णालयातील खाटा, कृत्रिम पाय किंवा चाकांची खुर्ची यांसाठी दिलेला पैसा हा पहिला प्रकार होय. शल्यविशारद घडवणे, त्यांना अभ्यासासाठी मोकळा वेळ मिळवून देणे, प्रयोगशाळा चालवणे आणि रूढ उपचार खरोखर गुणकारी आहेत का हे तपासणे यांसाठी दिलेला पैसा हा दुसरा प्रकार. पहिल्या दानाचे फळ दात्याला लवकर दिसते. दुसऱ्याचे फळ पुष्कळदा त्याच्या हयातीत दिसत नाही आणि ज्याला ते मिळते त्या रुग्णाला दात्याचे नावही ठाऊक नसते. त्यामुळे या कामासाठी निधी उभारणे नेहमीच अवघड गेले आहे. ब्रिटनमधील या दुसऱ्या प्रकारच्या दानाचा इतिहास, त्याचे परिणाम, मुंबईतील समांतर उदाहरणे आणि ब्रिटनमध्ये राहून देणगी देऊ इच्छिणाऱ्या मराठी माणसाने ध्यानात ठेवायच्या गोष्टी यांचा आढावा येथे घेतला आहे.

धर्मादाय आरंभ

या शाखेचे युरोपीय नाव फ्रेंच वैद्य निकोला आंद्री याने १७४१ मधील आपल्या ग्रंथात योजिले. 'सरळ' आणि 'बालक' या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून त्याने ते बनवले. मुलांच्या शरीरातील व्यंगे दूर करण्याची विद्या, असा त्याचा आशय होता. ब्रिटनमध्ये १९४८ च्या जुलै महिन्यात राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू होईपर्यंत या शाखेचे बरेचसे काम वर्गणी आणि देणग्या यांवरच चालले. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस हे दर रविवारी गरिबांना मोफत तपासत. मोडलेली मांडी स्थिर ठेवणारा त्यांचा स्प्लिंट आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यांचे भाचे रॉबर्ट जोन्स यांनी ही विद्या पुढे नेली आणि पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या उपचारांमध्ये तिला मानाचे स्थान मिळवून दिले.

अ‍ॅग्नेस हंट या परिचारिकेचे काम याच काळातले. बालपणीच्या आजारामुळे त्यांचा खुबा कायमचा निकामी झाला होता. १९०० मध्ये त्यांनी श्रॉपशर परगण्यातील बास्चर्च या खेड्यात आजारातून उठणाऱ्यांसाठी एक निवारा काढला. अपंग मुले तेथे येऊ लागली, तेव्हा रॉबर्ट जोन्स नियमितपणे लिव्हरपूलहून येऊन त्यांच्यावर उपचार करू लागले. १९२१ मध्ये ही संस्था ऑस्वेस्ट्री येथे गेली. आज ती या दोघांच्या नावाने चालते आणि अस्थिशल्यचिकित्सेचे प्रशिक्षण देणाऱ्या ब्रिटनमधील महत्त्वाच्या केंद्रांत गणली जाते. उपचारासाठी दिलेले दान हळूहळू शिक्षणाचे दान कसे होते, याचे हे आरंभीचे उदाहरण आहे. रुग्ण एकत्र आले, त्यांच्यामागून शिकणारे आले आणि त्यातून परंपरा तयार झाली.

नफील्ड यांची देणगी

शिक्षण व संशोधन हाच हेतू ठेवून दिलेल्या मोठ्या दानाचे ठळक उदाहरण ऑक्सफर्डचे आहे. विल्यम मॉरिस यांनी सायकलदुरुस्तीपासून आरंभ करून कौली येथे मोटारींचा प्रचंड कारखाना उभारला. भारतात अनेक दशके धावलेली अँबेसेडर मोटार ही त्यांच्या नावाच्या 'मॉरिस ऑक्सफर्ड' मोटारीवरच बेतलेली होती. पुढे लॉर्ड नफील्ड झालेल्या या उद्योजकाला अपत्य नव्हते आणि त्याने आपल्या संपत्तीचा मोठा वाटा हयातीतच दान केला.

ऑक्सफर्डजवळ हेडिंग्टन येथे विंगफील्ड नावाचे जुने आरोग्यधाम होते. तेथील शल्यविशारद गॅथॉर्न गर्डलस्टन यांच्या आग्रहामुळे मॉरिस यांनी त्या रुग्णालयाच्या पुनर्बांधणीला पैसा दिला आणि १९३३ मध्ये नवी इमारत उभी राहिली. १९३६ मध्ये त्यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठाला वैद्यकीय संशोधनासाठी साडेबारा लाख पौंड देऊ केले आणि पाठोपाठ ती रक्कम २० लाख पौंडांपर्यंत वाढवली. त्यांच्या औदार्यातूनच अस्थिशल्यचिकित्सेचे अध्यासन निर्माण झाले आणि १९३७ मध्ये गर्डलस्टन त्याचे पहिले प्राध्यापक झाले. या विषयाचे ब्रिटनमधील हे पहिले अध्यासन मानले जाते.

या देणगीचे स्वरूप समजून घेण्यासारखे आहे. अध्यासनासाठी दिलेली रक्कम एकदम खर्च होत नाही. ती गुंतवून तिच्या उत्पन्नातून प्राध्यापकाचे वेतन आणि विभागाचा काही खर्च भागवला जातो. प्राध्यापक बदलतात, विषयाची दिशा बदलते, पण प्रश्न विचारण्यासाठी मोकळा असलेला एक माणूस सदैव त्या जागी राहतो. स्पेनच्या यादवी युद्धात उघड्या जखमांच्या उपचारांची पद्धत विकसित करून निर्वासित म्हणून इंग्लंडला आलेले जोसेप त्रुएता १९४९ मध्ये या पदावर आले. जॉन गुडफेलो हे शल्यविशारद आणि जॉन ओकॉनर हे अभियंता यांनी १९७० च्या दशकात 'ऑक्सफर्ड गुडघा' हा कृत्रिम सांधा घडवला तोही याच शहरात. पूर्ण गुडघा न बदलता झिजलेला भागच बदलण्यासाठी तो आज जगभर वापरला जातो.

अनावश्यक शस्त्रक्रियेचा शोध

अशा दानाचे मोल नव्या उपकरणांपुरते मोजता येत नाही. प्रचलित उपचार निरुपयोगी ठरवणारे संशोधनही तितकेच मोलाचे असते आणि त्याला पैसा मिळणे त्याहून अवघड. उपकरण विकणाऱ्या उद्योगाला त्यात रस नसतो आणि ती शस्त्रक्रिया रोज करणाऱ्यालाही हा प्रश्न सोयीचा वाटत नाही.

खांदेदुखीवरील एका शस्त्रक्रियेचे उदाहरण येथे देता येईल. हात वर उचलताना खांद्यात कळ येत असेल, तर दुर्बिणीतून खांद्याच्या वरच्या हाडाची खालची बाजू घासून स्नायूंच्या कंडरांना जागा करून देण्याची शस्त्रक्रिया पूर्वी सर्रास केली जाई. इंग्लंडमध्ये २००० साली अशा सुमारे २,५०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. २०१० पर्यंत ती संख्या २१,००० च्या पुढे गेली. ऑक्सफर्डच्या नेतृत्वाखाली ब्रिटनमधील ३२ रुग्णालयांत तिची चाचणी घेण्यात आली. ३१३ रुग्णांची सोडत पद्धतीने तीन गटांत विभागणी झाली. एका गटावर पूर्ण शस्त्रक्रिया केली गेली. दुसऱ्या गटाच्या खांद्यात दुर्बीण घालून फक्त पाहणी केली गेली, हाड मुळीच घासले नाही. तिसऱ्या गटावर कोणताही उपचार न करता लक्ष ठेवण्यात आले. २०१७ च्या अखेरीस 'द लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हाड घासलेल्या आणि न घासलेल्या रुग्णांत महत्त्वाचा फरक आढळला नाही. शस्त्रक्रिया झालेल्या दोन्ही गटांना उपचार न घेतलेल्यांपेक्षा थोडे अधिक बरे वाटले, पण तो फरकही रुग्णाच्या दैनंदिन जीवनात जाणवण्याइतका मोठा नव्हता.

या चाचणीला सरकारी निधीबरोबरच संधिवातावरील संशोधनाला वाहिलेल्या धर्मादाय संस्थेचा आणि इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचा पैसा मिळाला होता. तिच्या प्रमुखांपैकी एक असलेले अँड्र्यू कार हे त्या वेळी नफील्ड अध्यासनाचे प्राध्यापक होते. म्हणजे एका मोटार कारखानदाराने १९३० च्या दशकात उभे करून दिलेल्या पदावरून आठ दशकांनंतर हजारो लोकांना अकारण शस्त्रक्रियेपासून वाचवणारा प्रश्न विचारला गेला. देणगी देताना तो प्रश्न नफील्ड यांच्या मनात असणे शक्य नव्हते, कारण दुर्बिणीतून खांद्यावर शस्त्रक्रिया करण्याची पद्धतच तेव्हा अस्तित्वात नव्हती.

संशोधनातून परत येणारा पैसा

काही दाने स्वतःच पुढच्या संशोधनाचे साधन बनतात. लंडनमधील केनेडी संधिवात संस्था १९६० च्या दशकात मटिल्डा आणि टेरेन्स केनेडी यांच्या देणगीतून उभी राहिली. मटिल्डा या 'मार्क्स अँड स्पेन्सर'च्या मायकेल मार्क्स यांच्या कन्या. लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी आणि त्यांचे सहकारी मार्क फेल्डमन यांनी तेथे एका विशिष्ट प्रथिनाला अडवल्यास आमवाताचा दाह शमतो, हे दाखवून दिले. १९९२ मध्ये पहिल्या रुग्णांवर त्याची चाचणी झाली. त्यातून निघालेल्या औषधांमुळे सांधे वाकडे होऊन शस्त्रक्रियेपर्यंत जाण्याची वेळ असंख्य रुग्णांवर आली नाही. या दोघांना २००३ मध्ये लास्कर पारितोषिक मिळाले. शोधाच्या स्वामित्वशुल्काचे उत्पन्न न्यासाकडे आले आणि ते पुन्हा संशोधनात गेले. २०११ मध्ये ही संस्था ऑक्सफर्ड विद्यापीठाचा भाग झाली.

शल्यविशारद रोनाल्ड फर्लाँग यांनी वेगळा मार्ग निवडला. हाडातील खनिजाशी साम्य असणाऱ्या हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइटचा लेप दिलेला खुब्याचा कृत्रिम सांधा त्यांनी १९८५ मध्ये वापरात आणला. या लेपामुळे रुग्णाचे हाड सांध्याला घट्ट बिलगते आणि तो बसवण्यासाठी सिमेंट लागत नाही. १९८९ मध्ये त्यांनी संशोधनासाठी धर्मादाय न्यास स्थापन केला. सांधे बनवणारी त्यांची कंपनी या न्यासाच्या मालकीची झाली आणि तिच्या नफ्याचा ओघ संशोधनाकडे वळला. पुढे कंपनी विकली गेली. न्यास मात्र 'ऑर्थोपेडिक रिसर्च यूके' या नावाने संशोधन व प्रशिक्षणाचे काम करतो आहे.

अपयश आणि स्वतंत्र पैसा

संशोधनाला दान देणाऱ्याने अपयशही गृहीत धरायला हवे. लँकाशरमधील राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्न्ली यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात टेफ्लॉनचा खोबा असलेले खुब्याचे सांधे बसवले. आरंभी रुग्ण आनंदाने चालू लागले. तीन-चार वर्षांत मात्र टेफ्लॉन झिजले, त्याच्या कणांनी भोवतालच्या ऊतींचा दाह झाला आणि सुमारे ३०० रुग्णांचे सांधे निकामी ठरले. ते कण शरीरावर काय परिणाम करतात हे पाहण्यासाठी चार्न्लींनी स्वतःच्या मांडीतही ते टोचून घेतले. १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी अधिक टिकाऊ पॉलिथिलीन वापरले आणि आजच्या सांधेरोपणाचा पाया घातला गेला. पुढची काही वर्षे त्यांनी एक दंडक पाळला. राइटिंग्टनला येऊन शिकून गेलेल्या शल्यविशारदांनाच हा सांधा विकत घेता येई. उपकरण आणि त्याचे शिक्षण वेगळे करता येत नाही, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते.

आज प्रशिक्षणाचा बराच खर्च उपकरणे बनवणाऱ्या कंपन्या उचलतात. कार्यशाळा, परिषदा आणि फेलोशिप यांना त्यांचा आधार असतो आणि त्यातून शिकणाऱ्यांचा लाभही होतो. परंतु जो सांधा विकायचा आहे त्याच्याच पैशातून त्याच्या दोषांचा शोध घेतला जाईल, अशी अपेक्षा धरता येत नाही. धातूवर धातू घासणाऱ्या खुब्याच्या काही सांध्यांबाबत हा धडा जगाला मिळाला. इंग्लंड व वेल्समध्ये २००३ पासून प्रत्येक सांधेरोपणाची राष्ट्रीय नोंद ठेवली जात आहे. या नोंदवहीत काही सांधे अपेक्षेपेक्षा फार लवकर निकामी होत असल्याचे दिसले आणि त्यांपैकी एक प्रकार २०१० मध्ये बाजारातून मागे घेण्यात आला. विक्रीशी संबंध नसलेल्या पैशाची गरज येथे स्पष्ट होते.

मुंबईतील उदाहरणे

दात्याच्या अटीमुळे वैद्यकीय शिक्षणाचे स्वरूप बदलल्याचे एक उदाहरण मुंबईत आहे. परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयासाठी देणगी देताना विश्वस्तांनी अशी अट घातली, की तेथील अध्यापक सरकारी नोकरीत नसलेले, पात्रताधारक भारतीयच असावेत. वैद्यकीय सेवेतील वरची पदे प्रामुख्याने इंग्रजांकडे असण्याचा तो काळ होता. १९२६ मध्ये केईएम रुग्णालय सुरू झाले आणि भारतीय शिक्षकांच्या हाताखाली भारतीय डॉक्टरांच्या पिढ्या तयार होऊ लागल्या. ऑक्सफर्डमध्येही नफील्ड यांनी विद्यापीठाची इच्छा नसताना भूलशास्त्राचे अध्यासन हवेच, असा हट्ट धरला होता आणि काळाने तो योग्य ठरवला. अट घालणे हे स्वतःहून वाईट नसते. ती शिक्षणाचा परीघ वाढवते की दात्याचा मोठेपणा, हे पाहावे लागते.

दुसरे उदाहरण पोलिओच्या काळातले आहे. स्वातंत्र्यचळवळीतील कार्यकर्त्या फातिमा इस्माईल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. तिच्यासाठी उपचार शोधताना अशा मुलांसाठी देशात फारशी सोयच नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. १९४७ मध्ये त्यांनी मुंबईत अपंग मुलांसाठी उपचारकेंद्र सुरू केले. त्या प्रयत्नांतून हाजी अली येथे मुलांचे अस्थिव्यंगोपचार रुग्णालय उभे राहिले, आणि १९५५ मध्ये त्याच परिसरात पुनर्वसनवैद्यकाची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. तेथे रुग्णसेवेच्या जोडीला प्रशिक्षणही दिले जाते. बास्चर्चप्रमाणे येथेही आरंभ रुग्णसेवेने झाला आणि पुढचे पाऊल शिक्षणाचे पडले.

पैशापलीकडचे दान

वृत्रासुराच्या वधासाठी वज्र घडवता यावे म्हणून दधीची ऋषींनी आपल्या अस्थी दिल्या, ही कथा मराठी घरांत परिचित आहे. देहदानाच्या चळवळीने त्यांचे नाव घ्यावे हे स्वाभाविकच. अस्थिशल्यचिकित्सा शिकताना मानवी देहावरील सरावाला पूर्ण पर्याय मिळालेला नाही. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये मानवी ऊतींविषयीच्या २००४ च्या कायद्यानुसार देहदानासाठी व्यक्तीने हयातीतच लेखी संमती देणे बंधनकारक आहे. मृत्यूनंतर नातलग ती देऊ शकत नाहीत. महाराष्ट्रात देहदानाला १९४९ च्या शरीररचनाशास्त्र अधिनियमाचा आधार आहे.

जिवंतपणी करता येणारे अस्थिदानही आहे. खुब्याचा सांधा बदलताना मांडीच्या हाडाचा गोल माथा काढून टाकावा लागतो. रुग्णाने संमती दिल्यास आणि आवश्यक तपासण्या समाधानकारक ठरल्यास तो माथा अस्थिपेढीत जातो आणि दुसऱ्या रुग्णाच्या झिजलेल्या हाडाची भर करण्यास उपयोगी पडतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून ऊतीपेढी आहे. तेथे दान केलेल्या ऊतींचे किरणोत्साराने निर्जंतुकीकरण केले जाते.

ब्रिटनमधून देणगी देताना

ब्रिटनमधील नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला देणगी देणाऱ्याने त्या वर्षी पुरेसा प्राप्तिकर किंवा भांडवली नफ्यावरील कर भरला असेल, तर 'गिफ्ट एड' योजनेखाली संस्थेला प्रत्येक पौंडामागे सरकारकडून २५ पेन्स जादा मिळतात. १०० पौंडांचे १२५ होतात. वरच्या दराने कर भरणाऱ्याला करातील फरक स्वतःच्या विवरणपत्रातून मागता येतो. मृत्युपत्राद्वारे धर्मादाय संस्थेला दिलेल्या रकमेवर वारसा कर लागत नाही. निव्वळ मालमत्तेचा किमान १० टक्के हिस्सा असा दिला, तर उरलेल्या करपात्र भागावरील कराचा दर ४० वरून ३६ टक्क्यांवर येतो. संस्थेचा नोंदणी क्रमांक आणि वार्षिक हिशेब इंग्लंड व वेल्सच्या चॅरिटी कमिशनच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड यांचे नियामक स्वतंत्र आहेत.

पुणे, मिरज किंवा नागपूर येथील संस्थेला थेट देणगी द्यायची झाल्यास नियम वेगळे आहेत. अशा देणगीला गिफ्ट एड लागू होत नाही. भारताच्या बाजूने २०१० चा विदेशी अंशदान अधिनियम पाहावा लागतो आणि त्यात दात्याचे नागरिकत्व निर्णायक ठरते. भारतीय पारपत्र बाळगणाऱ्याने परदेशातील वैयक्तिक बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने पाठवलेली देणगी विदेशी अंशदान समजली जात नाही. ब्रिटिश नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीची देणगी मात्र, तिच्याकडे ओसीआय कार्ड असले तरीही, विदेशी अंशदानच ठरते. ते स्वीकारण्यासाठी संस्थेकडे या कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असावी लागते. नोंदणीची मुदत पाच वर्षांची असते. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतील खात्यातच जमा व्हावा लागतो, एका संस्थेला तो दुसरीकडे वळवता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्के आहे. म्हणून रक्कम पाठवण्यापूर्वी नोंदणी चालू आहे का, हे संस्थेकडून लेखी विचारून घेणे इष्ट. या कायद्याचा भंग झाल्यास अडचणीत येते ती देणगी घेणारी संस्था.

सत्पात्री दानाची कसोटी

आपल्याकडे दानाबरोबर 'सत्पात्री' हे विशेषण येते. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, असेही म्हटले जाते. दात्याने नावाचा डंका पिटू नये, एवढाच त्याचा अर्थ. हिशेब विचारू नये, असा नव्हे. शिक्षण आणि संशोधन यांसाठी देणगी देताना काही प्रश्न विचारणे योग्य ठरते. रक्कम इमारतीवर खर्च होणार की माणसांवर? संशोधनाचे प्रस्ताव संस्थेबाहेरचे तज्ज्ञ तपासतात का? प्रतिकूल निष्कर्षही प्रसिद्ध केले जातात का? फेलोशिप घेऊन परतलेला डॉक्टर पुढे इतरांना शिकवतो का? दान विशिष्ट हेतूसाठी राखून ठेवले असेल आणि काळाच्या ओघात तो हेतूच उरला नाही, तर विश्वस्तांना ते दुसरीकडे वापरण्याची मुभा आहे का? शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा, कारण फार आवळून बांधलेला निधी पुढच्या पिढीच्या उपयोगी पडत नाही.

मोठी रक्कम देणे सर्वांना शक्य नसते. परंतु एखाद्या शिकाऊ डॉक्टरचा आठवडाभराच्या प्रशिक्षणाचा खर्च, एखाद्या चाचणीत रुग्ण म्हणून दिलेली संमती किंवा बदललेल्या सांध्यातील हाड, हेही याच दानाचे प्रकार आहेत. खांद्याच्या त्या चाचणीत ३१३ रुग्णांनी आपल्याला कोणत्या गटात टाकले जाईल हे ठाऊक नसताना भाग घेतला होता. अध्यासन नफील्ड यांच्या पैशातून आले होते. उत्तर या रुग्णांच्या संमतीमुळे मिळाले.